तांडेलांनी बसवलेला अंगठा

त्या दिवशी पऱ्यात, म्हणजे घरामागच्या ओढ्यात, कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की आम्ही पण होतो. मी होते. माझी धाकटी जाऊ सुमती होती. वाडीचे गावकर बाळातात्या होते, गणू गुरव होता, आणि मुंबईहून आलेला माझा मुलगा विलास होता. मशीनवर तांडेल होते. आणि राखणदार होता, पऱ्यात आडवा पडलेला. बाकीची वाडी दगडी गडग्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती. त्यांना मी धरत नाही.

तांडेलांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. नवा माणूस आला की लोक त्याचं तोंड बघतात, यांचा हात बघायचे. ते काही लपवायचे नाहीत. माणूस बुरोंडीचा, निम्मं आयुष्य लाँचीवर गेलेलं. जाळं ओढताना दोरात अंगठा सापडला आणि गेला. "दर्याने लोकांची माणसं नेली, माझा अंगठा नेला. थोडक्यात सुटलो," एवढंच म्हणायचे. मग दोर धरता येईना म्हणून लाँच सोडली, बंदरावर वेल्डिंग शिकले, आणि पुढे ती खोदायची छोटी मशीन घेऊन गावोगाव फिरायला लागले. आमच्या डोंगरातल्या लोकांनी होडीत कधी पाय ठेवलेला नाही, पण होडी हाकणाऱ्याला म्हणतात तसं त्यांना सगळे तांडेलच म्हणायचे.

मशीन पण ते लाँचीसारखीच चालवायचे. पाखाडीच्या वाटेवरून मागे घेताना ओरडायचे, "वारा कुठला हाय?" वाऱ्याचा आणि मशीनचा काही संबंध नाही. बाळातात्यांच्या बागेत कलमांचे खड्डे मारायला ते आले, तेव्हा सुमती त्यांना म्हणाली, "तांडेल, इथं मासळी मिळायची नाय हो." तर म्हणाले, "बाय, मासळी कुठं मिळंल ते जाळं टाकल्याबिगर कोण सांगंल?"

आता माझं सांगते. गेल्या श्रावणाच्या आधीच्या श्रावणात वरची दरड सुटली. घाटीच्या वळणावर आमचा राखणदार बसायचा, वाडी राखणारा देव, काळा दगड, बसलेल्या वासराएवढा. मी लग्न होऊन आले तेव्हाही तिथेच होता. तो दरडीबरोबर सुटला आणि माझ्या घरामागे पऱ्या वळतो बरोबर तिथे येऊन अडकला. त्याच्या पाठीशी बाकीचे धोंडे अडकले, झाडं अडकली. पाणी तिथे आपटायचं आणि वळून माझ्या पडवीत यायचं. त्या पावसात चूल वाहून गेली. मागची भिंत ओली राहिली ती दिवाळीपर्यंत. ग्रामसेवक येऊन बघून गेला आणि म्हणाला, "काकी, पुढच्या पावसाआधी हे मोकळं करा, नाहीतर घर सोडा."

घर सोडा म्हणणं सोपं आहे. माझा नवरा मुंबईत कामाला होता. छाती बिघडून परत आला तेव्हा घराचं जोतंच झालं होतं. तो गेला आणि जोतं राहिलं. मग मी चिऱ्याच्या खाणीवर चिरे वाहायला जायला लागले. मालकाला म्हणायची, मजुरीत पैसे नको, चिरे दे. तो फुटके द्यायचा, कोपरे गेलेले. मी तेच डोक्यावरून घरी आणायची. माझ्या भिंतीत सरळ चिरा शोधून सापडायचा नाही. विलास म्हणतो, "आये, नालासोपाऱ्याला चल. इथं काय ठेवलंय?" मी म्हणते, "भिंती ठेवल्यात."

बाकीचे धोंडे कुणीही ढकलले असते. पण राखणदाराला आधी हलवल्याशिवाय ते निघणार नव्हते, आणि त्याला हात कोण लावणार? पूर्वी असतं तर वीस गड्यांनी बांबू लावून पालखीसारखा नेला असता. आता वाडीत खांदा द्यायला माणसं कुठली? सगळी मुंबईत. म्हणून गणू गुरवाने देवळात कौल लावला. देवाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "ढकलून बाजूला करू काय?" डावी पडली. "लोळवून खाली नेऊ काय?" डावीच. "उचलून तुझ्या जाग्यावर नेऊ काय?" लगेच उजवी पडली. बाळातात्या डोक्याला हात लावून बसले. "देवाचं काय जातंय सांगायला," म्हणाले, आणि मग घाईने कानाला हात लावले.

मीच तांडेलांकडे गेले. म्हटलं, तुमच्या मशीनने दगड उचलता येईल काय? ते माझ्या पडवीत आले आणि पाट्यावरचा वरवंटा बघितला. उजव्या हाताच्या चार बोटांनी तो ढकलला, ओढला, पण उचलायला गेले तर निसटला. "बघ बाय, माझ्या मशीनचा हात हा असाच हाय," म्हणाले. "चार बोटांनी ढकलता येतं. धरायचं तर पाचवं समोरून यायला लागतं." डाव्या हाताने वरवंटा परत पाट्यावर ठेवला. मग म्हणाले, "बसवू. मला नाय बसवता आला, तिला बसवू."

माझ्या खळ्यात काम झालं. ट्रकच्या जुन्या कमानीचे लोखंडी पाटे त्यांनी संगमेश्वरहून आणले. पण लोखंड कापायच्या आधी पोफळीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या रुंद देठाचा, अंगठा कापला, मशीनच्या दांड्याला काथ्याने बांधला आणि खोदायची बकेट उघड-मीट करून बघितली. वाडी हसायला यायची. "तांडेल, पंखा बसवताय काय मशीनला?" तांडेल म्हणायचे, "तुला वारा लागतोय ना, मग झालं."

वेल्डिंगच्या आधी ते बॅटरीची तार सोडायचे, कधी विसरले नाहीत. छिन्नी धरता येत नसे म्हणून ती फडक्याने तळहाताला बांधायचे. लोखंड धरायला मी आणि सुमती. "तोंड फिरवा, ठिणगीकडं बघू नका," हे दर वेळी सांगायचे. सुमतीने एकदा बघितलंच. मग डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडवीत आडवी. "काय बघितलंस?" तांडेलांनी विचारलं. "तुमचं काम," ती म्हणाली. "मग पास काय नापास?"

अंगठा बसला, तेव्हा परसातला फणस उचलून बघायचं ठरलं. तांडेल म्हणाले, फणस न फोडता उचलला तर देव उचलता येईल. अंगठा बकेटच्या दातांसमोर यायला हवा होता, तो जरा वर बसला होता. फणस कडेवर धरल्यासारखा वर गेला आणि मधोमध दबून फुटला. बरका फणस तो, मऊ बुळबुळीत, गरे आणि रस सगळा तांडेलांच्या काचेवर. बाळातात्या म्हणाले, "मशीनला बरका आवडतो वाटतं." तांडेल मशीन बंद करून खाली उतरले, एक गरा उचलून तोंडात टाकला, म्हणाले, "गोड हाय," आणि केलेला सगळा जोड घासून काढायला बसले. दुसऱ्या वेळी अंगठा खाली आणला. राखणदाराला लोखंड लागू नये म्हणून आतून टायरचं रबर लावलं, त्यावर काथ्या गुंडाळला. मग कडक गऱ्यांचा कापा फणस उचलला आणि माझ्या पायाशी आणून ठेवला. काट्याला पण काही झालं नाही.

दुपारी ते माझ्याकडेच जेवायचे. चार बोटांनी भात उचलताना निम्मा पानात परत पडायचा. मी चमचा दिला तर बाजूला ठेवला. "चमचा पाहुण्याला." मी दुसऱ्या दिवसापासून कुळथाची पिठी दाट करायला लागले आणि भात वाढताना मुठीत दाबून त्याचे मुटके करून वाढायला लागले.  पानात काही परत पडायचं बंद झालं.

देवाला नारळ देऊन राखणदार हलवायचा दिवस आला. विलास आदल्या दिवशीच्या गाडीने आला होता, मला न्यायचं ठरवूनच. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुला तुझ्या जाग्यावर नेताव. लेकरांकडून कायतरी कमीजास्त झालं असंल, लोखंड लागलं असंल, तर राग धरू नको." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." तांडेलांनी मशीन बंद करून आमच्याबरोबर म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने.

राखणदार उचलला. जमिनीपासून वीतभर वर, हळूहळू, वळणापर्यंत चढवला. त्याची बैठक, खालचा कातळ, शाबूत होती. त्यावर ठेवला. तात्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ गेले आणि म्हटलं, "थांबा. तोंड कुठे आहे त्याचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. सगळीकडून चिखल आणि शेवाळ, देव कुठल्या बाजूने बघतो ते कसं कळणार? पण आम्ही बायका घाटीने येता-जाता त्याच्यापुढे झाडाचा पाला ठेवतो. पाला ठेवायला एक खाच आहे, गावाच्या बाजूला. मी चिरे वाहत होते तेव्हा डोक्यावर ओझं असायचं, मान वळवता यायची नाही, मी न बघता हाताने खाच शोधून पाला ठेवायची. मी दगडावरून हात फिरवला. खाच मागे होती, डोंगराकडे.

तात्या म्हणाले, "वैनी, देवाला पुढलं काय, मागलं काय."  विलास तांडेलांना म्हणाला, "काका, राहू दे आता. बसलाय ना." तांडेल खाली उतरून अंगठ्याच्या जोडावरून बोट फिरवत होते. जोडाला केसाएवढी चीर गेली होती.

"टाका उसवलाय," ते मला म्हणाले. "फिरवायचा तर परत उचलायला लागंल. हातातून सुटला तर सरळ तुझ्या घरावर जाईल. मशीन खाली नेऊन टाका घाला म्हणशील तर त्या उतारावर मशीनचे पट्टे परत धरतील काय, सांगता येत नाय. घर तुझं हाय. तू सांग."

मी खाली बघितलं. कौलं दिसत होती माझी. म्हटलं, "फिरवा. पाठ करून बसलेल्या राखणदाराच्या खाली मी झोपायची नाही."

"मग दोर आण. अंगठा नि बकेट एकत्र बांधायला लागंल." त्यांनी दगड परत धरला, पण उचलला नाही. दोर मी घेतला. त्यांना तेवढी घट्ट गाठ मारता येत नव्हती. "मोळीची गाठ घाल," म्हणाले. लाकडाच्या मोळीला घालतात ती गाठ, ओढलं की आणखी आवळते. ती मी लहानपणापासून घालत आले. गुडघा लावून आवळली. त्यांचा अंगठा नव्हता, लोखंडाचा उसवत होता, मग माझे दोन लावले.

विलासने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. मशीन दगड घेऊन पलीकडे वळायला लागली. दोर करकरत होता. जोडातून एक आवाज आला, फांदी मोडल्यासारखा. तांडेलांनी हात हलवला नाही. दगड तसाच लोंबत राहिला, मग खाली आला आणि बसला. मी खाचीत हात घातला. खाच गावाकडे होती. करवंदीची पानं मिळाली ती ठेवली. तांडेल मशीनवरून उतरले नाहीत. तिथूनच विचारलं, "बघतोय काय?" म्हटलं, "बघतोय." "मग झालं." 

बाकीचे धोंडे ढकलायला वेळ लागला नाही. अंगठ्याला नवा टाका घालून, मृगाच्या तोंडावर तांडेल गेले. शिमग्याला पालखी बघायला येतो म्हणाले. विलास एकटा मुंबईला गेला. त्या पावसात पऱ्या भरून वाहिला, पण पाणी पडवीला शिवलं नाही.

शिमगा झाला, ते आले नाहीत. पुढे संगमेश्वरच्या बाजारात बुरोंडीची एक बाई सुकट घेऊन बसली होती, तिला विचारलं. म्हणाली, "तांडेल? ते गेले गो, दिवाळीच्या आधी. झोपेतच." मी सुकट घेतली आणि घरी आले. दुसरं काय करणार. अजून भात वाढताना हाताची मूठ वळते. सुमती म्हणते, आता कुणासाठी? मी म्हणते, हाताला सवय आहे.

मशीन गुहागरकडच्या कुणीतरी घेतली, असं त्याच बाईने सांगितलं. खणताना आड येतो म्हणून त्याने अंगठा काढून टाकला. कुठे टाकला ते तिला माहीत नव्हतं.

तर हे वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. कमानीच्या पाट्यांचा केलेला, आतून टायरचं रबर आणि काथ्या लावलेला लोखंडाचा अंगठा कुणाच्या परसात पडलेला असेल तर तो भंगारात घालू नका. आम्हाला कळवा, आम्ही येऊन नेऊ. डोंगर अजून सुटा आहे. परत दरड येईल, तेव्हा लागेल.