लोसालीनबाईंच्या एकतीस मशिनी

टोंगाच्या उत्तरेकडच्या बेटावरल्या सरकारी कचेरीत लोसालीन आली ती टाइपरायटर बडवायला. त्याला तीस वर्षं झाली. टाइपरायटर भंगारात गेले, संगणक आले. ते रुसले की सगळे तिलाच हाका मारत. होता होता ती एकतीस मशिनींची धनीण झाली.

त्या शुक्रवारी राजधानीतून फेलेती इंजिनिअरचा फोन आला. पोरगा तिच्या थोरल्या लेकीहून लहान.

"मावशी, सोमवारी दुपारी बारापर्यंत सगळ्या मशिनींवर नवा अपडेट पाहिजे. एक जरी राहिली, तर तुमचा कारभार आम्ही इथून बघणार. तुम्ही आता आराम करा."

"आराम करा म्हणे!" फोन आपटून ती म्हणाली. "मी काय म्हातारी झाले?"

अडचण खरीच होती. आकाशातून येणारी इंटरनेटची लाइन सुतळीएवढी. एकतीस जणी एकदम ओढायला लागल्या की कुणाच्याच तोंडी थेंब पडत नसे. लोसालीनने तोड काढली. एकाच मशिनीने अपडेट उतरवायचा, बाकीच्या तिसांनी कचेरीतल्या तारेवरून तिच्याकडून घ्यायचा. पण तेवढ्यालाही अख्खा दिवस हवा, आणि लाइन मोकळी असते फक्त रविवारी, सगळं बेट चर्चमध्ये असताना. त्यात कचेरीचे मुख्य मोसेसे शनिवारी दुपारीच विजेचा मोठा खटका पाडत. रविवारी काम म्हणजे पाप, वर कायद्याने गुन्हा.

"बाई, खटका मी पाडणारच," मोसेसे म्हणाले. "खिडकीत दिवा लुकलुकताना दिसला तर पाद्रीबुवा भर चर्चात माझं नाव घेतील."

"मग चला, त्यांनाच विचारू."

पाद्रीबुवा डुकरांना खोबरं टाकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रविवारी मशिनीला हात कोण लावणार?"

"कुणी नाही. शनिवारी लावून जायचं, सोमवारी बघायचं."

"लोसालीन, रविवारी चर्चला यायच्या आधी जमिनीतल्या भट्टीत काय पुरतेस?"

"डुक्कर. अळूच्या पानातलं मटण."

"आणि मी तासभर प्रवचन देतो तेव्हा ते शिजवतं कोण?"

"दोन तास," मोसेसे पुटपुटले.

"तापलेले दगड," लोसालीन म्हणाली.

"दगडांना मी आजवर पाप लावलेलं नाही. मोसेसे, खटक्याला हात लावू नकोस."

रविवारी लोसालीन चर्चमध्ये असं गायली की पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या. कचेरीकडे मात्र फिरकली नाही.

सोमवारी सातला दार उघडलं. अपडेट पुरा उतरला होता! दहा-दहाच्या टोळ्या करून तिने वाटायला घेतला. जन्मदाखल्यांच्या टेबलावरून आरोळी आली, "आमचं झालं!" मग जमिनींच्या टेबलावरून, मग होड्यांच्या परवान्यांच्या. अकरा वीसला एकतिसावीही झाली. बायकांनी टेबलं बडवली, मोसेसेंनी तर चक्क नाचून घेतलं.

तिनेच फोन लावला. "फेलेती, मोज."

पलीकडे कळफलक खडखडला. मग हळूच, "मावशी, दुसऱ्या बेटांच्या निम्म्यासुद्धा मशिनी झाल्या नाहीत. कसं केलंत ते जरा सांगता का?"

"सांगते की. कागद-पेन घे," लोसालीन खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाली, "आणि मध्ये बोलू नकोस."