माळावरची कनात

चैत्रातली टळटळीत दुपार, कडेगावच्या अलीकडचा उघडा माळ... आणि मला जोराची लागली होती.

सत्तरच्या दशकातली, दुष्काळातली ही गोष्ट. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांसमोर माझं भाषण होतं. बाईला बाप्याइतकीच मजुरी, हा विषय. मी तेव्हा पंचविशीत होते आणि एकदा माईक हातात आला की समोर कोण बसलंय याची पर्वा करत नसे.

सकाळी साताऱ्याहून जीपनं निघालो. मी एकटी बाई. सोबत ड्रायव्हर, लाऊडस्पीकरवाला आणि आमच्या संघटनेतले वयानं थोरले कार्यकर्ते, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे.

दौऱ्याच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नसे. फिरणाऱ्या सगळ्याच बायका हे करायच्या, कुणी शिकवावं लागत नसे. पण आदल्या रात्री जिच्या घरी उतरले होते त्या माउलीनं निघताना "उन्हाचं चाललाय" म्हणून तांब्याभर ताक पाजलं. वर चहा...

एरवी आमच्या भागात ही चिंता नसते. ऊस उभा असतो. दोन सऱ्या आत शिरलं की बाईमाणसाला जग बंद! त्या वर्षी ऊस नव्हताच. नजर पोचेल तिथवर ढेकळं, आणि बाभळीसुद्धा शेळ्यांसाठी ओरबाडून नागड्या केलेल्या.

वाटेत जीप दोनदा थांबली. "आलोच हं ताई," म्हणत तिघं उतरले, रस्त्याकडे पाठ केली आणि गप्पा मारत परत आले. अण्णांनी विचारलंही, "पाय मोकळे करायचेत का?" मी नको म्हटलं. अहो, पायांना काय झालं होतं...

कामावर पोचेपर्यंत ओटीपोटात कळ यायला लागली होती. वक्त्यांना सावली हवी म्हणून बांबूंना कनात ताणून बांधली होती. बायका समोर उन्हात, खडीच्या ढिगांवर. त्यांच्या मागे पहारी टेकून पुरुष उभे होते, आणि सगळ्यांवर नजर ठेवत मुकादम.

आधी अण्णा बोलायला उठले. त्यांचे 'दोन शब्द' काही संपेनात. समोर गार पाण्याचा तांब्या ठेवलेला... मी त्याच्याकडे बघायचंसुद्धा टाळत होते.

माझी पाळी आली. उभी राहिले आणि कळलं, आता फार वेळ नाही. मधेच सोडून जाणार तरी कुठे? सपाट माळ, आणि शे-दीडशे डोळे पाठीवर. "बाईमाणसाला कशाला आणलंय भाषणाला?" असं मुकादम अण्णांना विचारून चुकला होता. तिथं माझं लुगडं ओलं झालं असतं, तर बरोबरीच्या हक्काची भाषा त्या माळावर पुन्हा कुणी काढली नसती.

मी आवाज चढवला. मुठी आवळल्या, दात आवळले, सगळंच आवळलं.

"आवं बाई, जरा थांबा की!"

पुढच्या ढिगावरची एक म्हातारी उठली होती. सोनाक्का तिचं नाव, हे मागाहून कळलं. "मगापास्नं बगतीया. ह्या पायावरनं त्या पायावर का नाचायला लागलाय?"

हशा उसळला. उत्तरं दोन होती. एक खोटं, दुसरं माईकसमोर न बोलण्याजोगं...

"लघवीला लागलीय," मी म्हणाले. सकाळपासून जीपमध्ये जे ओठावर येत नव्हतं, ते जीपवरच्या कर्ण्यातून माळभर गेलं.

अण्णा चप्पल बघायला लागले. आणि मागून कुणीतरी पोरगी ओरडली, "आमालाबी! पहाटंपास्नं!"

"व्हय गं बाई, मलाबी!" "मी तर पाणीच पीत न्हाई!" आवाज उठतच गेले. त्या सगळ्या उजाडायच्या आधी एकदा जायच्या, मग थेट अंधार पडल्यावर. मधला अख्खा दिवस हातात हातोडा.

मुकादम धावला. "कामाच्या टायमाला ह्यो काय तमाशा?"

सोनाक्का पदर खोचत म्हणाली, "मुकादम, तुमाला पाठ फिरवली की झालं. आमी काय फिरवायचं?"

मग तिनं माझा हात धरला. बायका माळाच्या कडेला गेल्या आणि खांद्याला खांदा लावून, आमच्याकडे पाठ करून गोल उभ्या राहिल्या. मधे मी... माझ्यानंतर दुसरी, मग तिसरी. आयुष्यात इतकी भक्कम भिंत मी पाहिलेली नाही.

परत आल्यावर हातोडा कुणीच उचलेना. "आदी आडोसा, मग खडी," सोनाक्का म्हणाली, आणि बाकीच्या तिच्याशेजारी बसून राहिल्या. मुकादम चिडला, हिशेबातनं नाव कापीन म्हणाला, मग नुसताच घाम पुसत राहिला. शेवटी आमच्या ड्रायव्हरनंच पुढे होऊन माझ्या डोक्यावरची कनात सोडली आणि बांबूंसकट माळाच्या कडेला नेऊन रोवली. अण्णांनी एक बांबू धरला होता.

मजुरीची लढाई पुढे लांबली. कनात मात्र त्याच दुपारी मिळाली.

उरलेलं भाषण मी उन्हात केलं... आणि सोनाक्का, तुझ्या कृपेनं, इतकी मोकळी होऊन मी त्याआधी कधीच बोलले नव्हते.