दोराचं प्रकरण

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मी ‘विद्यार्थिनींची पर्यावरण जाणीव’ हा विषय घेतला, तेव्हा आम्ही भिलाईत सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथल्या पोलाद कारखान्यात फिटर होते. मार्गदर्शक सरांनी मला छापील प्रश्नावली दिली आणि म्हणाले, “अहिवाऱ्याकडच्या एखाद्या गावातल्या शाळेत भरून घ्या. महिन्याभरात काम होईल.”

मी निवडलेल्या शाळेच्या आसपास चुन्याच्या दगडाच्या खाणी होत्या. सातवीच्या मुलींनी प्रश्न वाचले. समुद्रात तेल सांडल्यास काय होते? ओझोनचा थर कशामुळे विरतो? मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, समुंदर तो हम देखे नहीं. छोड़ दें?”

सगळ्यांनीच सोडलं. गुण मोजले तर जवळजवळ सगळा वर्ग नापास.

मी कागद बाजूला ठेवले आणि त्यांनाच विचारलं, गावात काय बदललंय? मग त्या थांबेनात. शाळेमागच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून त्यांच्या आया लांबून पाणी आणतात. रस्त्याकडेच्या सीताफळांच्या पानांवर पांढरी भुकटी बसते, ती पानं बकऱ्याही खात नाहीत. आणि दर उन्हाळ्यात विहिरीचा दोर वाढवावा लागतो. कुठल्या विहिरीचा दोर किती हात वाढला, हे त्यांना तोंडपाठ होतं.

हे सगळं मी लिहून नेलं. सरांनी वरवर पाहिलं.

“निष्कर्ष एकच येतो. जाणीव निम्न. तसं लिहा.”

“सर, मुलींना माहीत आहे. त्यांना जे माहीत आहे, ते प्रश्नांत विचारलेलंच नाही.”

“चाचणी प्रमाणित आहे. ती चुकत नाही.”

त्यांनी सही केली नाही. घरी बाबांना सांगितलं.

“कावून भांडून राहिली त्यायच्याशी?” बाबा म्हणाले. “सही घे अन् मोकळी हो.”

“मले खोटं नाही लिहाचं, बाबा.”

“पण त्या पोरी खरं बोलून राहिल्या का, हे तू पाह्यलं का?”

मी पाहिलं नव्हतं. रविवारी बाबांनी मोजायची टेप खिशात टाकली, मला स्कूटरवर मागे बसवलं. दिवसभर आम्ही विहिरीवरून विहिरीवर फिरलो. बाबा दोर अंगणात पसरून मोजायचे. दर उन्हाळ्यात जोडलेला तुकडा वेगळ्या रंगाचा, त्यामुळे दोर किती वाढला ते लगेच दिसत होतं. एका विहिरीपाशी मुलींनी सांगितलेला आकडा चुकला. बाकी ठिकाणी मुली बरोबर होत्या.

मी ते मोजमाप, चुकलेल्या विहिरीसकट, नवं प्रकरण म्हणून लिहिलं. सर म्हणाले, परिशिष्टात टाका. मी नाही म्हणाले. शेवटी मुदत संपत आली तेव्हा त्यांनी सही केली, पण माझ्याकडे न बघता. तोंडी परीक्षेत त्या प्रकरणावर एकही प्रश्न आला नाही. जेमतेम पास झाले. पीएच.डी.ला मला कुणी घेतलं नाही.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या मुलींच्या नावापुढे ‘निम्न’ लिहिलं नाही, याचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही.

पुढे नव्वदच्या दशकात मी जुनवानीजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका झाले. तेव्हा पर्यावरण शिक्षणावर संशोधन करणारे बरेच यायला लागले. बहुतेकांच्या पिशवीत प्रश्नावल्या छापून तयार असत. मी म्हणायचे, आधी दोन दिवस मुलींसोबत बसा, मग प्रश्न लिहा. ज्यांना वेळ नव्हता, त्यांच्या परवानगीच्या अर्जावर मी सही केली नाही.