छोल्यातला चहा

१४ डिसेंबर. छोले शिजायला लावायचे होते. चहाची सुटी पत्ती मलमलच्या फडक्यात बांधून कुकरमध्ये टाकली. तिनं छोल्यांना छान काळपट रंग येतो. सासूबाई शेजारी बसून मटार सोलत होत्या.

"आई, यात चहा घातलाय, चालेल ना?"

"यात चालेल. यात त्याची चव लागत नाही."

"म्हणजे?"

"मला चहा कुठे आवडतो?" शेंगांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या.

कुकरचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून रोज सकाळचा त्यांचा चहा मी करते. उन्हाळ्यात पुदिना घालून, पावसाळ्यात गवती चहा, थंडीत आलं ठेचून. पत्तीसुद्धा दुकानात वास घेऊन निवडते.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? कप हातात द्यायचीस आणि लगेच म्हणायचीस, 'छान झालाय ना?' मग काय सांगू, वाईट झालाय?"

मी झाकण लावून गॅस पेटवला. आवडनिवड आपण पाहुण्यांना विचारतो. घरच्या माणसाची ती आपल्याला ठाऊकच आहे असं धरून चालतो, आणि त्यालाच माया म्हणतो. शिट्ट्या होऊन गेल्या तरी मी तिथंच उभी होते.

१५ डिसेंबर. सकाळी आधण ठेवण्याआधी त्यांना विचारलं, "काय घेणार?"

"कॉफी," त्या लगेच म्हणाल्या.

घरात कॉफी नव्हती. पिशवी घेऊन खाली उतरले.