मुंबईचा धूर गिळणारी झाडं

त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला. चैत्र सरत आलेला, आभाळ पांढरं, झाडाचं पान हलत नव्हतं. राब भाजायला असा दिवस चांगला, असं मला वाटलं. पुढे काय झालं ते सांगतो, हसायचं तर हसा.

खर्डीच्या वर आमचा पाडा. तिथल्या माळावर मुंबईच्या एका कंपनीने झाडं लावली होती. त्यांची बाई मला समजावून गेली, "काका, आम्ही शहरात जेवढा धूर सोडतो तेवढा ही झाडं गिळणार. मग शहराचा धूर शून्य." मी अडाणी माणूस, मान हलवली. त्यांनी मलाच राखणदार ठेवलं.

माळ शेजारच्या कमळूचा. नाचणीला त्याच्याकडे तेवढीच जागा. तो द्यायला तयार नव्हता. मीच म्हटलं, "दे रे. झाडं वाढली की आपला झरा आटायचा नाय." माझ्या शब्दावर त्याने नाचणी सोडली.

बाईची ताकीद एकच. "झाडांखाली वाळका पालापाचोळा ठेवू नका, आग लागेल."

मी हुकूम मोडणारा नव्हे. चार दिवस वाकून पाला गोळा केला, माळावरच ओळीने ढीग लावले. आता सांगा, आमच्याकडे पाला कोणी फेकून देतो का? भाताची रोपं टाकायची जागा पावसाआधी शेण-पाला घालून भाजायची, तोच राब. माझा राब माळाच्या पायथ्यालाच. पहिले दोन ढीग खाली आणले, पसरले, वर माती टाकली आणि त्या दिवशी सकाळी पेटवलं.

दुपारी वारा उठला. ठिणगी वर गेली आणि घरोघर लग्नाचं बोलावणं करत फिरावं तशी आग एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर गेली. मी आणि कमळू ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो. माझ्या भुवया जळाल्या. सांजेला माळावर नुसत्या काळ्या काड्या उरल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आली.

"काका, आग कशी लागली?"

"आग लागू नये म्हणून पाला काढला, बाई."

"मग?"

"मग तो भाजला."

बाई जाताना म्हणाली, आता झाडं दुसऱ्या गावात लावू.

कमळू माळाच्या कडेला उभा होता, पायाने राख दाबून बघत. झाडं गेली, दोन सालांची नाचणी तर आधीच गेलेली. मी जवळ गेलो. "चुकलं रे माझं."

तो माळाकडे बघतच बोलला, "चुकलं कसलं, दादा? एवढा मोठा राब पाड्यात कोणी भाजला नव्हता. आता नाचणी टाकायला पण तूच ये."