लाल ठिपक्याचा कप

कपाच्या कानाजवळ लाल ठिपका होता. नखांना लावायच्या रंगाचा. आदल्या दिवशी तो नव्हता. वहिनींनी खिडकीच्या कट्ट्यावरून तो कप उचलला, त्यात चहा ओतला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "हा तुमच्यासाठी वेगळा ठेवला. घरात लहान लेकरू हाय, सर्दी-पडसं नको लागाले."

मला सर्दी नव्हती. मी चहा प्यायलो.

एडिनबराला येऊन मला एकच दिवस झाला होता. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मातीचा अभ्यास करायला मी सरकारी शिष्यवृत्तीवर आलो होतो. देवळीच्या काळ्या रानातून निघालो ते थेट या काळवंडलेल्या दगडांच्या शहरात. टेकडीवर किल्ला, खाली उंच उंच जुन्या इमारती. भाड्याची खोली सोमवारी मिळणार होती. तोवर राहायची सोय माझ्या कॉलेजातल्या सरांनी चिठ्ठी लिहून एका इंजिनियर साहेबांकडे केली होती. साहेब आमच्याच तालुक्यातले, पाटील घराण्यातले. त्यांचं आडनाव ऐकून मला सगळं कळलं होतं. माझं आडनाव त्यांच्यात आणि आमच्यात, दोन्हीकडे चालणारं, त्यामुळे त्यांना काही कळलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

स्टेशनवर ते स्वतः आले. माझी ट्रंक उचलली. "काऊन रे भाऊ, थंडी वाजून राह्यली का? चाल, घरी वांग्याची भाजी करून ठेवली तुह्या वहिनीनं." इतक्या लांब आपली बोली ऐकून मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मी त्यांच्या पाया पडलो. एकाच टेबलावर बसून जेवलो. वहिनी आग्रह करकरून वाढत होत्या. पाटलाच्या घरात, पाटलाच्या मांडीला मांडी लावून मी जन्मात पहिल्यांदा जेवत होतो, आणि मला फार बरं वाटत होतं. हे लिहितानाही त्या बरं वाटण्याचा राग येतो.

जेवणानंतर चहा झाला. मी कप उचलला, नळाखाली विसळला, दार उघडलं आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर पालथा घातला.

गावी कापूस वेचायला आम्ही पाटलाकडे जायचो. आमच्यासाठीचे कप गोठ्याच्या कोनाड्यात असत. चहा वरून ओतला जाई. प्यायचा, आपला कप आपणच विसळायचा आणि उंबऱ्याबाहेर पालथा घालायचा. सहा वर्षांचा होतो तेव्हा आईनं शिकवलं. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, घरातले देव नदीत सोडले होते. पण गोठ्यातला कप पाटलाचा, तो बाबा कुठे सोडणार? मी एम.एस्सी. झालो, विमानात बसलो, समुद्र ओलांडला. हाताला हे कुणी कळवलंच नव्हतं.

साहेब पायरीवरचा कप बघत दारात उभे राहिले. मग आत आले.

"गावात घर कोन्या बाजूले हाय तुमचं?"

तोवर मी 'तू' होतो.

"नाल्याच्या पल्याड," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपावर ठिपका आला. ताटावरही आला. मी जेवायला बसलो की साहेबांना नेमकं काहीतरी काम निघायचं.

मला राग आला का? नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस पेटून उठतो. मी थंड पडलो होतो. ठिपक्याच्या कपातून दिवसातून तीनदा चहा प्यायलो. विसळला. कट्ट्यावर पालथा घातला. दिवसभर शहरात फिरायचो. किल्ला पाहिला, जुनं चर्च पाहिलं, काय पाहिलं ते आठवत नाही. पाय चालत होते एवढंच. परदेशात आपला माणूस हाच आधार, चार दिवस काढून टाकू, असं स्वतःला सांगत होतो. भित्रा माणूस स्वतःला समजूतदार म्हणवतो, तसंच ते होतं.

रविवारी दुपारी घरमालकीण मला बघायला आली. खोली तिची होती. दोन गल्ल्या सोडून राहणारी म्हातारी, साहेबांच्या ओळखीची. मला नीट पारखल्याशिवाय किल्ली देणार नव्हती. बोलता बोलता तिला तहान लागली. ती उठली, कट्ट्यावरचा कप उचलला आणि नळ सोडला.

वहिनी धावल्या. "नो, नो!" म्हणत त्यांनी तिच्या हातातून कप अक्षरशः हिसकावला.

म्हातारी चक्रावली. साहेब हसले आणि इंग्रजीत म्हणाले, "तो याचा कप आहे. याची छाती जरा नाजूक आहे."

"क्षय?" तिनं विचारलं.

साहेबांनी खांदे उडवले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

तिनं खुर्ची मागे ओढली. म्हणाली, माझ्याकडे दुसरेही भाडेकरू आहेत. म्हणजे मला खोली मिळणार नव्हती. आणि खोलीपुरतंच नव्हतं. छातीची शंका आली तर परत पाठवतात, हे मुंबईत विमानात बसण्याआधी मला दोनदा बजावून सांगितलं होतं. ही बाई विद्यापीठात एक शब्द बोलली असती तर माझं शिक्षण तिथेच संपलं असतं.

मी गावी परत गेलो असतो, आणि का, ते आईला कसं सांगितलं असतं?

तेव्हा कुठे मला राग आला. चार दिवसांचा एकदम आला.

मी साहेबांना म्हणालो, "तिले खरं सांगा."

"आता कायले वाढवता?" साहेब हळूच म्हणाले. "मी करतो ना तुमची सोय दुसरीकडं."

"सोय नाई पाहिजे. मले बिमारी हाय का, ते सांगा तिले. तुमी सांगतपर्यंत मी या खुर्चीवरून उठत नाई."

आतल्या खोलीत लेकरू रडायला लागलं, वहिनी तिकडे गेल्या नाहीत. शेवटी साहेब खाली बघत इंग्रजीत म्हणाले, "त्याला काही आजार नाही."

"मग कप का ओढला?" म्हातारीनं विचारलं.

उत्तर मीच दिलं. माझं इंग्रजी मोडकं होतं, पण पुरलं. म्हणालो, मी ज्या जातीत जन्मलो, तिचा विटाळ होतो असं हे मानतात. मी तोंड लावलेलं भांडं हे वापरत नाहीत. हा ठिपका त्याच्यासाठी. मग कोटाच्या आतल्या खिशातून छातीच्या फोटोचा सरकारी कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

तिनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. खोली देते म्हणाली. आणि वर म्हणाली, "पण असल्या गोष्टी माझ्या घरात नकोत. इथे कुणाला त्या ऐकायला आवडत नाहीत."

साहेबांचा चेहरा उतरला होता. वहिनी रडत होत्या. परक्या बाईपुढे अब्रू गेली म्हणून रडत होत्या, माझ्यासाठी नव्हे. तेव्हा मला लख्ख दिसलं की ही लाज त्यांची होती. पिढ्यान् पिढ्या आम्ही ती आमची समजून झाकत आलो. आम्ही गप्प राहिलो म्हणून ते सभ्य दिसले.

मी ट्रंक उचलली आणि म्हातारीला म्हणालो, "बाई, खोलीचं भाडं वेळेवर देईन. गप्प राहीन असा शब्द देत नाही. किल्ली द्यायची तर आता ठरवा."