गच्चीवरचं मिठागर

कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतरच्या मे महिन्यात मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मिठागर केलं. ते चौथ्या मजल्यावर गळलं.

घडलं ते एवढंच. बाकी जे सांगितलं जातं (मी खाडी वर आणली, बिल्डिंग डावीकडे कलली, मेहताभाईंच्या झुंबरात खाडीतल्या निवट्या मासळ्या सापडल्या) ती निव्वळ भाईंदर पूर्वेची अतिशयोक्ती. मेहताभाईंकडे झुंबर नव्हतंच. पंखा होता.

याचं मूळ माझ्या डिग्रीत आहे. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आमच्या भागातली झाडून सगळी मुलं कॉमर्सला नाहीतर कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. मी मात्र मुंबईतल्या एका कॉलेजनं नव्यानंच काढलेल्या कोर्सला गेलो. तिथे आर्ट्स, सायन्स, कॉमर्स अशा भिंतीच नव्हत्या. हवे ते विषय उचला, एकमेकांत मिसळा आणि पदवीधर व्हा! मी रसायनशास्त्र, इतिहास आणि नाट्यशास्त्र उचललं. लग्नकार्यात कुणी ‘मुलगा काय शिकतो?’ असं विचारलं की बाबा सांगायला लागायचे, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत विचारणाऱ्याचा गुलाबजाम खाऊन झालेला असायचा.

बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. लालबागची खोली विकून भाईंदरला आलेले. जी गोष्ट फॉर्मवरच्या एका रकान्यात मावत नाही ती अस्तित्वातच नाही, असं त्यांचं ठाम मत. वर्षभर त्यांनी मला सहन केलं. एप्रिलमध्ये दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आला. त्यावर पालकांची सही लागणार होती. बाबांनी तो कपाटात ठेवला आणि मला समोर बसवलं.

“वर्षभर काय शिकलास ते डोळ्यांना दिसेल असं करून दाखव. एकच गोष्ट. दाखवलीस तर सही करतो. नाहीतर एक जूनपासून मेहताभाईंच्या ऑफिसात बसायचं आणि बाहेरून बी.कॉम. करायचं.”

मेहताभाई आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. चौथ्या मजल्यावर, म्हणजे बरोब्बर गच्चीच्या खाली राहायचे. केबिन रोडवर त्यांचं टॅक्सचं ऑफिस होतं, आणि शेजारधर्म म्हणून त्यांनी मला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. माणूस चांगला. पण त्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटांकडे बघितलं तरी मला माझी साठी दिसायची.

कॉलेजचं सुट्टीतलं काम होतंच: घराजवळची एखादी गोष्ट घ्यायची आणि आपल्या तिन्ही विषयांतून तिचा अभ्यास करायचा. मी मीठ घेतलं. इतिहास म्हणाल तर आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी मिठागरच होतं. रसायनशास्त्र तर मिठात ठासून भरलेलं. नाट्यशास्त्र कुठून आणायचं याची मी तेव्हा काळजी केली नाही. (ते आपोआप आलं.)

खारी गावात म्हात्रे आजोबा राहायचे. त्यांची उभी हयात मिठात गेलेली. मी वही घेऊन आठवडाभर त्यांच्या ओटीवर बसलो. त्यांनी हातचं काही न राखता सांगितलं. पाणी भरतीचं घ्यायचं. वाफ्याला चिखलाचा थर द्यायचा आणि पायाचा ठसा उमटायचा थांबेपर्यंत तो तुडवायचा. मी सगळं लिहून घेतलं. फक्त एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली: वाफा कुठे करणार ते.

मेहताभाईंना मी रीतसर विचारलं की गच्चीवर थोडं काहीतरी वाळवायचं आहे. त्यांना वाटलं, आईच्या कुरडया. ते म्हणाले, “अपना ही घर समझो.” मी समजलो.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. चिखलाची बारा पोती आणि खाडीच्या पाण्याचे वीस कॅन मी पाठीवरून चार मजले चढवले. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात पाणी ओहोटीला आणलं. ते खाडीचं नव्हतंच, अख्ख्या भाईंदरनं त्या दिवशी जे जे धुतलं होतं त्याचं होतं. वासानं दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दोन दिवस नाकाला पदर लावून फिरल्या. ते ओतून दिलं. मग भरती गाठली. गच्चीचं पावसाळी पाणी जायचं भोक पोत्यानं गच्च बुजवलं, चिखल पसरला आणि तुडवायला लागलो. दुपारच्या दोन ते चार. खाली मेहताकाकींना वाटलं, वरती कुणीतरी गरब्याची प्रॅक्टिस करतंय. मे महिन्यात कशाला, हा प्रश्न त्यांनी मनातच ठेवला.

वाफा भरला. ऊन असं की गच्चीवर चप्पल चिकटावी. रोज सकाळी मी पट्टीनं पाणी मोजायचो आणि वहीत लिहायचो. तिसऱ्या दिवशीच पाणी निम्म्यावर आलं. मी लाल शाईत लिहिलं: ‘बाष्पीभवन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त.’ त्यामागे माझे तीन तर्क होते, प्रत्येक विषयातून एक. ती तीन पानं माझ्याकडे अजून आहेत. कुणालाही दाखवत नाही. पाणी उतरतंय म्हणून मी आणखी दहा कॅन ओतले.

पाचव्या दिवशी म्हात्रे आजोबांना मोठ्या अभिमानानं वर आणलं. ते चार मजले चढले, वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले, चिखलाच्या भेगांत बोट घालून बघितलं. मग माझ्याकडे वळले.

“याच्या खाली काय हाय?”

“मेहताभाईंचा हॉल.”

आजोबा उठले, धोतर झटकलं आणि जिना उतरायला लागले. मी त्यांच्यामागे धावलो. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मेहताभाईंचं दार उघडलंच होतं.

मेहताभाईंनी दिवाळीत हॉलला नवं पीओपी करून घेतलं होतं. वेलबुट्ट्या, मधोमध कमळ. त्या कमळाभोवती आता तपकिरी नकाशा पसरला होता, पंख्याच्या दांडीवरून थेंब सोफ्यावर पडत होते आणि नकाशाच्या कडेनं पांढरं शुभ्र, कापसासारखं काहीतरी फुललं होतं.

मी काय करायला हवं होतं ते आज मला कळतं. तेव्हा मी चपलांसकट स्टुलावर चढलो, ते पांढरं नखानं खरवडलं, जिभेवर ठेवलं आणि ओरडलो, “झालं! मीठ झालं!”

वरती पाच दिवसांत एक कण आला नव्हता. सगळं पीक मेहताभाईंच्या छताला आलं होतं.

बाबांना बोलावणं गेलं. मागोमाग आई आली. मेहताकाकी सोफ्यावर बादली धरून उभ्या. मी खरवडलेलं मीठ कागदावर घेऊन बाबांपुढे धरलं. आता मागे हटलो तर लोखंडी कपाटं, हे मला पक्कं माहीत होतं.

“डोळ्यांना दिसेल असं म्हणाला होतात. दिसतंय,” मी म्हणालो. “छताबद्दल मी मेहताभाईंची माफी मागतो. सुट्टीभर घासून, रंगवून देतो. पण डिग्रीबद्दल माफी मागणार नाही. रसायनशास्त्र बरोबर निघालंय. चुकला तो मी.”

आईनं बोट लावून चाखलं. “चुना लागतोय जरा,” ती म्हणाली, पण माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

बाबांनी एकदा कमळाकडे बघितलं. मग मेहताभाईंकडे वळून म्हणाले, की आता पुरे झालं, एक जूनची वाट कशाला बघायची, उद्यापासूनच याला ऑफिसात घ्या.

मेहताभाईंनी हात जोडले. “सावंतभाई, दोस्ती अपनी जगह. लेकिन मेरा ऑफिस भी लास्ट फ्लोअर पे है. ऊपर टेरेस है.”

बाबांनी दोनदा विनवलं. मेहताभाईंनी दोन्ही वेळा मान हलवली. काकींनी तर बादलीच हलवली. शेवटी बाबांनी ओळखीच्या आणखी दोघांची नावं घेतली. त्या दोघांनाही आपण त्याच संध्याकाळी फोन करून सावध करणार आहोत, असं मेहताभाईंनी अगदी प्रेमानं सांगितलं.

आम्ही घरी आलो. बाबांनी कपाट उघडलं, फॉर्म काढला, पेनाचं टोपण काढलं आणि पालकांच्या रकान्यात त्यांची ती ठसठशीत सही केली. मी जिंकलो होतो! वर्षभराचा वाद, नातेवाइकांचे टोमणे, सगळं वसूल झालं होतं. छाती पुढे काढून मी विचारलं, “म्हणजे पटलं ना तुम्हाला शेवटी?”

बाबांनी पेनाला टोपण लावलं. “पटलंबिटलं काही नाही. दुसरं कुणी तुला घेईना, म्हणून सही केली.”